रिले धावणाऱ्या मुलींसाठी बेळगावच्या बाजारातले स्पाइक्स आणि बॅटन: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

बेळगावच्या बाजारपेठेत देशी बनावटीचे स्पाइक्स, म्हणजे तळाला पिना असलेले धावायचे बूट, साधारण 1,200 ते 2,000 रुपयांत मिळतात. खानापूर, जांबोटी, चंदगडकडची पोरं त्यासाठी बेळगावला येतात, निपाणी-चिकोडीकडची बरीचशी कोल्हापूर गाठतात. डब्यातला माल मात्र दोन्हीकडे एकाच जातीचा. 100 मीटर, 200 मीटर आणि 4×100 रिले धावणाऱ्या मुलीच्या अंगानं हा माल पारखला तर गुण असे पडतील: बूट पाचापैकी साडेतीन, मापं पाचापैकी एक, दुकानातला बॅटन, म्हणजे रिलेत एकीनं दुसरीच्या हाती द्यायची नळी, दोन, आणि बिलात गुपचूप चढणाऱ्या सटरफटर वस्तू शून्य.

मापांना एकच गुण का, ते आधी सांगायला हवं, कारण निम्मी गडबड तिथंच होते. दुकानात माल भरला जातो तो मुलग्यांच्या पायाचा, सहा नंबरपासून पुढचा. आठवी-नववीच्या मुलीचा पाय तीन ते पाच नंबरचा. काउंटरवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "सहा घ्या की वो, दोन मोजे घातले की फिट्ट बसतंय बघा. वर्षभरात पाय वाढतोयच की पोरीचा." शाळेच्या बुटाला हा हिशेब चालतो, स्पाइक्सना नाही. मोठ्या बुटात पाय पुढं सरकतो, टाच सुटते आणि चवड्याखालची कडक प्लेट जिथं वाकायला हवी तिथं न वाकता बोटांच्या खाली वाकते. मग जोर लावला की पिना जमिनीत रुतलेल्या राहतात आणि पाय बुटाच्या आत घसरतो. वळणावर तर जास्तच. अंगठ्याचं नख काळं पडणं, टाचेला फोड येणं हे सगळं याच दोन मोज्यांचं देणं.

माप घ्यायची सोपी रीत आहे. संध्याकाळी, सराव झाल्यावर, पाय थोडा फुगलेला असताना मुलीला कागदावर उभं करा, टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत खूण करा. त्या लांबीत 3-4 मिलिमीटर मिळवून पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी कापा. ती पट्टी घेऊन दुकानात जा आणि बुटाच्या आत टाचेपासून टोकापर्यंत सपाट बसते का बघा. दुमडली तर बूट लहान, पुढं जागा उरून सरकली तर मोठा. दोन्ही पायांची पट्टी वेगळी काढा, कारण बऱ्याच जणींचा एक पाय मोठा असतो. बूट मोठ्या पायाला घ्यायचा. घालून बघताना पातळ मोजा एकच, आणि चवड्यांवर उभं राहून टाच सुटते का ते तपासायचं. नाडी वरच्या शेवटच्या भोकातून आतल्या बाजूला वळवून फास करून बांधली की टाच बरीच धरली जाते. तेवढं करूनही टाच उचलली जात असेल तर तो बूट नको.

चार-पाच नंबर दुकानात नसेल तर मागवून द्यायला सांगा. बहुतेक दुकानदार मागवतात, पण आठ-पंधरा दिवस लागतात. कर्नाटकातल्या शालेय तालुका पातळीच्या स्पर्धा ऐन पावसाळ्यात येतात, म्हणून मागणी जूनमध्येच नोंदवावी. ऑनलाइन लहान मापं मिळतात, परत करायची सोयही असते. पण बूट मातीत एकदा उतरला की परत जात नाही. आधी घरातल्या चटईवर घालून बघा.

आता बूट. साडेतीन गुण दिले ते प्लेटसाठी. या किमतीतली प्लेट नायलॉनची, चवड्याखाली पुरेशी ताठ, सहा किंवा सात पिनांची असते. ॲथलेटिक्सच्या नियमांत एका बुटाला जास्तीत जास्त 11 पिना चालतात, त्यामुळं त्या बाजूनं काही अडचण नाही. दोन्ही हातांनी बूट धरून वाकवून बघा. चवड्याच्या जागी थोडा दाब देऊन वाकायला हवा आणि सोडल्यावर ताडकन सरळ व्हायला हवा. मधोमध, कमानीखाली वाकला तर ती प्लेट नुसती दिखाऊ. सोळा-सतरा वर्षांच्या आतल्या मुलीला फार ताठ प्लेट देऊही नये. पोटरीत आणि टाचेच्या शिरेत तेवढी ताकद आलेली नसते. नव्या बुटावर पहिले दोन आठवडे 60 मीटरच्या चार-पाच धावा, त्याही पाऊणच वेगानं, एवढंच. वॉर्मअप साध्या बुटात करायचा. स्पाइक्सच्या टाचेखाली गादी जवळजवळ नसते. ते घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या की नडगी दुखायला लागते आणि दोष बुटाला दिला जातो.

पिनांच्या बाबतीत आपला भाग चमत्कारिक आहे. एकाच जिल्ह्यात चार तऱ्हेच्या जमिनी. खानापूरकडं लाल माती आणि मधून जांभ्याची खडी, बेळगाव शहरात लाल माती किंवा मुरूम टाकून दाबलेली मैदानं, चिकोडी-निपाणीकडं काळी माती, आणि मोठ्या स्पर्धेला सिंथेटिक ट्रॅक. सिंथेटिकवर पिन 9 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, हा नियम. काही ट्रॅकवर मैदानवाले त्याहून आखूड, 6 मिलिमीटरचीच सक्ती करतात. प्रवेशिका भरतानाच विचारून घ्यावं. मातीवर नियम 25 मिलिमीटरपर्यंत सूट देतो. तेवढ्या लांब पिनांची गरज मात्र कुणाला नसते, 12 पुरते. सुक्या, खडी असलेल्या मातीत 12 सुद्धा जास्त होते. पिन खाली दगडाला टेकते, धक्का थेट प्लेटला बसतो आणि पिनेच्या बैठकीभोवती बारीक चीर जाते. तिथं 9 लावा. ओल्या लाल मातीत 12. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर पिन कितीही लांब असू दे, दोन धावांत पिनांमध्ये चिखलाचा लगदा बसतो आणि बुटाला तळच उरत नाही. तिथं दर धावेनंतर काडीनं लगदा काढणं एवढाच उपाय. डब्यात बहुतेक एकाच लांबीच्या पिना येतात, म्हणून 9 आणि 12 चे दोन संच आणि पिना कसायची चावी बूट घेतानाच मागून घ्या. पिना 100-200 रुपयांत मिळतात. त्या नाहीत म्हणून स्पर्धेच्या सकाळी पंचांनी परत पाठवलं तर वर्ष जातं.

या बुटांची खरी दुखणी तीन. पहिलं, आटे. चिखल सुकला की पिन बैठकीत अशी बसते की चावी फिरते आणि पिनेची कड झिजते, पिन तशीच. जुना टूथब्रश घेऊन बैठकीच्या कडेची लाल माती आधी पाण्यानं भिजवायची, दहा मिनिटं थांबायचं, मग चावी खाली दाबून एकदम नाही तर पाव फेरा मागं, पाव फेरा पुढं असं हलवत सोडवायची. बाहेर आल्यावर आट्यांना व्हॅसलिनचं बोट लावून परत बसवायची. सुरुवात नेहमी हातानं. चावीनं तिरकी घुसवली की नायलॉनमधले आटे जातात आणि ते भोक कायमचं वाया. दर आठवड्याला एवढं केलं तर पिना कधीच अडकत नाहीत. एखादी पिन गळाली तर त्या जागी बुटाबरोबर आलेली सपाट टोपी लावावी, नाही तर भोकात खडी घट्ट बसते.

दुसरं दुखणं डिंकाचं. रिलेत पहिली आणि तिसरी मुलगी वळणावर धावते. डावीकडं वळताना डाव्या पायाची बाहेरची कड आणि उजव्याची आतली कड जास्त रगडली जाते, आणि तळ तिथूनच सुटायला लागतो. नखाएवढी फट दिसली की लगेच मोच्याकडं न्या. फट पूर्ण सुकवून, माती खरवडून, पिवळं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, ते हाताला चिकटेनासं झाल्यावर दाबून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. शिलाई मारायची तर फक्त वरच्या कापडातून आणि तळाच्या कडेतून. प्लेटमधून दाभण घालू देऊ नका. ओला बूट चुलीजवळ किंवा उन्हात वाळवला की हाच डिंक कडक होऊन तडकतो. आत जुना 'तरुण भारत' कोंबून, नाड्या सैल सोडून वाऱ्यावर ठेवा, कागद दोनदा बदला. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस लागतात. म्हणून पावसात रोज स्पाइक्स नकोतच.

तिसरं, सिमेंट. मैदानाच्या कडेच्या फरशीवर, पायऱ्यांवर स्पाइक्स घालून दहा पावलं चाललं की पिनांची टोकं बोथट होतात. ट्रॅकपर्यंत चप्पल घालून जावं.

एवढं सांभाळलं तर आठवड्याला तीन सरावांत हा बूट एक हंगाम सहज काढतो, शहाण्या हातात दोन. 1,500 रुपयांत यापेक्षा जास्त मागणं बरोबर नाही.

बॅटनला दोन गुण दिले, तेही दयेनं. नियमात बॅटन म्हणजे आतून पोकळ, गुळगुळीत, गोल नळी. लांबी 28 ते 30 सेंटिमीटर, बाहेरचा व्यास 40 मिलिमीटर (दोन इकडं-तिकडं), वजन किमान 50 ग्रॅम. दुकानात लाकडी बॅटन अजून विकले जातात. ते पावसात फुगतात, कड फाटते आणि भरीव असतील तर नियमातही बसत नाहीत. पातळ प्लॅस्टिकचे पडले की फुटतात. ॲल्युमिनियमचे चांगले, पण स्वस्त नळीच्या कडेला कापलेल्या पत्र्याची धार राहिलेली असते. बोट आतून फिरवून बघा. धार लागली तर बारीक पॉलिश पेपरनं कड घासून घ्यावी. आणि फूटपट्टी घेऊन जा. 32 मिलिमीटरचे बारीक बॅटन 'मुलींसाठी हलके' म्हणून खपवले जातात. त्यावर सराव केलेल्या मुलीच्या हातात स्पर्धेत 40 चा आला की मूठ बसत नाही.

सरावासाठी दुकानातला बॅटन घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. शेतात पाण्याला वापरतात ती 40 मिलिमीटरची पीव्हीसी पाइप बाहेरून बरोबर त्याच व्यासाची असते. कुणाच्याही उसाच्या बांधावर तुकडा सापडेल. 29 सेंटिमीटरवर हॅक्सॉनं सरळ कापा, कडा घासा, लाल किंवा पिवळा रंग द्या. दोन मिलिमीटर जाडीच्या पाइपचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे नियमातही बसतं. सव्वा मीटरच्या तुकड्यात चार बॅटन निघतात आणि चौघींना घरी एकेक नेता येतो. स्पर्धेच्या आधी आठवडाभर मात्र ॲल्युमिनियमच्या एका चांगल्या बॅटनवर सराव हवा, कारण घामट हातात धातू वेगळा लागतो. पकड यावी म्हणून हाताला काही लावणं किंवा हातमोजे घालणं नियमात बसत नाही, हे मुलींना आधीच सांगून ठेवावं.

हा स्वस्त पाइपचा तुकडा महागड्या बुटापेक्षा जास्त सेकंद वाचवतो, हे आकड्यांत दिसतं. 2021 च्या जूनमध्ये पतियाळाला दुती चंदनं 100 मीटर 11.17 सेकंदांत मारलं. त्याच स्पर्धेत तिच्यासह हिमा दास, अर्चना सुशींद्रन आणि धनलक्ष्मी यांच्या संघानं 4×100 रिले 43.37 मध्ये संपवली. भागून बघा: प्रत्येकीच्या वाट्याला 10.84 येतात. दुतीच्या त्या वेळेपेक्षाही कमी! कारण तिघी जणी स्टार्टमधून नाही, तर पळत्या वेगात बॅटन घेतात. गावातल्या चार साध्या मुलींच्या संघालाही हाच फायदा मिळतो, बॅटन बदली नीट झाली तर. चौघींच्या 100 मीटरच्या वेळांची बेरीज करा आणि रिलेची वेळ त्यातून वजा करा. फरक दोन सेकंदांच्या आत असेल तर नवे बूट घेऊ नका, बदलीवर बसा.

त्यासाठी दुकानातून काय लागतं? टेप, घेणारीनं कधी सुटायचं याची खूण ट्रॅकवर लावायला. 'मार्किंग टेप' म्हणून जो वेगळा गुंडाळा विकतात तो सोडून द्या. खुणेची पट्टी जास्तीत जास्त 5 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर लांब चालते, आणि औषधाच्या दुकानात 5 सेंटिमीटर रुंदीची पांढरी चिकटपट्टी मिळते, तीच लावा. तपकिरी पॅकिंग टेप लाल ट्रॅकवर दिसत नाही. ओल्या ट्रॅकवर आधी जागा फडक्यानं कोरडी करा. मातीच्या मैदानावर पट्टी चिकटतच नाही, तिथं बुटानं रेघ ओढायची. फक्कीनं खूण करू नये. चार संघांच्या फक्कीत आपली रेघ कुठली ते धावणाऱ्या मुलीला कळत नाही.

खूण किती पावलांवर, याचा हिशेब असा. बॅटन घेणारी मुलगी झोनच्या, म्हणजे बदलीसाठी आखलेल्या पट्ट्याच्या, सुरुवातीला उभी राहते आणि तिथून मागं टाच-चवडा, टाच-चवडा पावलं मोजते. शालेय मुलींनी 15 ते 20 पावलांपासून सुरुवात करावी. पावलं तिनं स्वतःच मोजायची, तेही धावायच्याच बुटात. सरांनी आपल्या नऊ नंबरनं मोजून दिलेली खूण कामाची नाही. देणारी त्या खुणेवर आली की घेणारी मागं न बघता सुटते. देणारी अंगावर येऊन आदळली तर खूण एक पाऊल मागं, म्हणजे अजून लांब. हाताला हात लागलाच नाही तर खूण एक पाऊल जवळ. एका वेळी एकच पाऊल, आणि खूण पूर्ण वेगात धावूनच ठरवायची. दमलेल्या मुलींकडून सरावाच्या शेवटी ठरवलेली खूण स्पर्धेच्या दिवशी नेहमी आखूड पडते, कारण ताजी असताना देणारी खुणेपासून हातापर्यंत फार लवकर पोचते.

पट्टा 30 मीटरचा असतो. 2017 च्या नोव्हेंबरपासून जुना 20 मीटरचा झोन आणि त्याआधीची 10 मीटरची मोकळी जागा एकत्र केली गेली. गावच्या मैदानावर अजून जुनी आखणी दिसते, म्हणून शर्यतीआधी पंचांना दोन्ही रेघा दाखवायला सांगा. बदली 18 ते 25 मीटरच्या दरम्यान व्हावी असं धरून चाला. बॅटन कुठं आहे तेवढंच बघितलं जातं, पाय कुठं आहेत ते नाही. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला अमेरिकेच्या मुलींचा संघ मॅरियन जोन्स आणि लॉरिन विल्यम्स यांच्यातली बदली झोनमध्ये न झाल्यानं बाद झाला. तिथं तर बुटांची कमी नव्हती!

हात ठरलेले असावेत: पहिलीचा उजवा, दुसरीचा डावा, तिसरीचा उजवा, चौथीचा डावा, आणि मध्ये हात बदलणं नाही. खालून वर देण्याची पद्धत शिकायला सोपी, पण तीत दर बदलीला बॅटनचा मोकळा भाग कमी होत जातो आणि तिसऱ्या बदलीला लहान हाताच्या मुलीला धरायला चार बोटंही उरत नाहीत. वरून किंवा सरळ पुढं ढकलून द्यायला शिकवलेलं बरं. हाक एकच, छोटी: "हात!" लाउडस्पीकरवर कन्नड-मराठीत सूचना चालू असताना लांबलचक हाक ऐकू येत नाही. पडलेला बॅटन जिच्या हातून पडला तिनंच उचलायचा.

स्टार्टिंग ब्लॉकवर, म्हणजे सुटताना पाय टेकवायच्या ठोकळ्यांवर, फार लिहिण्यासारखं नाही. हलके ॲल्युमिनियमचे मातीत उखडतात, जड लोखंडी बरे, चार इंची खिळे सोबत ठेवावेत. पायपट्टीच्या मागचे दाते झिजले आहेत का ते बघा. एका मुलीसाठी विकत घेण्याची वस्तू नाही. शाळेनं किंवा मंडळानं एक घ्यावा. सुरुवातीला पुढचा पाय रेघेपासून दोन पावलांवर, मागचा तीनवर. रिलेत पहिल्या मुलीलाच तो लागतो.

आणि ते 12-15 हजारांचे कार्बन प्लेटचे परदेशी बूट? हायस्कूलच्या मुलीला नकोत. पी.यू.ला (अकरावी-बारावीला) गेल्यावर, विभागीय पातळीवर सातत्यानं पहिल्या तिघींत येत असेल आणि सिंथेटिकवर नियमित सराव असेल तर 4 ते 7 हजारांतला परदेशी बनावटीचा साधा स्प्रिंट बूट घ्यावा, तोही फक्त स्पर्धेपुरता. सराव देशी जोडावर. कार्बनचा विचार विद्यापीठ पातळीनंतर, जेव्हा रेल्वे किंवा पोलिसांच्या क्रीडा कोट्यातली नोकरी शंभराव्या भागावर अडलेली असते. तो शंभरावा भाग खोटा नाही: 1984 ला लॉस एंजेलिसला पी.टी. उषाचं 400 मीटर अडथळ्यांचं ब्राँझ तेवढ्यानंच गेलं. पण त्याच उषानं पुढच्या वर्षी जकार्ताच्या आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत 100, 200, 400, 400 अडथळे आणि 4×400 रिले अशी पाच सुवर्णं घेतली, वर 4×100 चं ब्राँझ. तेव्हा कार्बन प्लेटचे स्पाइक्स कुणाच्याच पायात नव्हते. मातीवर कार्बनची प्लेट घालून सराव करणाऱ्या मुलीनं हंगामाच्या आत पैसे मातीत गेले म्हणून समजावं; जांभ्याची खडी किंमत बघत नाही.

बिल करताना दुकानदार घोट्याची पट्टी, रंगीत नाड्या, 'एनर्जी' इनसोल पुढं सरकवतो. इनसोल तर मुळीच नको. स्पाइक्समध्ये जादा थर घातला की टाच वर येते आणि पाय सैल पडतो. त्याऐवजी त्याच पैशांत 9 मिलिमीटरच्या पिनांचा दुसरा संच आणि जादा चावी घ्या, चावी पिशवीच्या चेनला दोऱ्यानं बांधून टाका.